भजेगाडी बुलढाण्याला पोचली

जानेफळ
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

काजलचे बाबा,

नमस्कार. इकडं आम्ही दोघी बऱ्या आहो. तुम्ही बरे असाल असं धरून चालते, कारण ते कळायचा दुसरा रस्ता तुम्ही ठेवलाच नाही. फोन लावला की एक बाई बोलते, नंबर बंद आहे म्हणते. वर्ष झालं, तिच्याशीच बोलून राह्यली मी. भागवत भाऊजीले विचारलं तर म्हणतात, "वहिनी, दादाचं ठीक आहे, काळजी नका करू." काळजी कोण करून राह्यलं? मी राग करून राह्यली. माणूस वाळूजले बसून दुसऱ्याच्या ट्रकचे नट आवळते आन् भावाच्या तोंडून घरी निरोप काय पाठवते, तर गाडी भंगारात देऊन टाका. भंगारात! सहा वर्षं जिच्याखाली झोपून कमर मोडून घेतली, ती गाडी. मले विचारलं? काजलले विचारलं? निरोप पाठवाले तोंड आहे, बोलाले नाही?

तर ऐका. गाडी भंगारात दिली नाही. गाडी परवा रविवारी सिंदखेडराजाहून निघाली आन् दिवस मावळायच्या आत बुलढाण्याला पोचली. आपल्या हॉटेलाच्या कढईतल्या आलुबोंड्याच्या तेलावर. चालवली मी.

आता नीट बसा आन् पुढचं वाचा. काजल म्हणे, मी टाईप करून देते. मी म्हटलं, नको, यात काही गोष्टी माह्या हातानं लिहायच्या आहेत. चौथी पास आहे मी, अक्षर वाकडं येईल, पण तुमाले माहं अक्षर वाचता येते. डब्यावरच्या चिठ्ठ्या वाचत होते ना.

त्याचं असं झालं. दिवाळीनंतर काजल पॉलिटेक्निकमधून एक कागद घेऊन आली. बुलढाण्याच्या एका कॉलेजनं रॅली ठेवली होती. वापरलेल्या खाण्याच्या तेलावर चालणाऱ्या गाड्यांची. म्हणजे जे तुम्ही सहा वर्षं करत होते आन् गाव हसत होतं, त्याची आता रॅली निघते, त्याले झेंडा दाखवाले लोकं येतात. मी कागद पाह्यला आन् असा राग आला, की हे कागदवाले दोन वर्षं आधी कुठं मेले होते!

काजल म्हणे, "आई, आपली भजेगाडी नेऊ."

मी म्हटलं, "चालवन कोन? तुहा बाप तर वाळूजले जाऊन बसला."

ती म्हणे, "तू चालव. ट्रॅक्टर चालवते ना."

चालवते. लग्नाच्या आधीपासून चालवते. बापाचं अडीच एकर रान मीच नांगरलं आहे. मग म्हटलं, ट्रॅक्टरले चार चाकं, जीपले चार चाकं, भ्यायचं काय? लायसनचं विचारू नका, काढलं. सायबानं आठचा आकडा काढाले लावला. काढला, आन् वरून त्याले विचारलं, अजून कोणता आकडा पाहिजे का.

गाडी तुम्ही लिंबाखाली ठेवून गेले होते तशीच होती. दोन्ही टाक्या तशाच, छोटी डिझेलची, मोठी तेलाची. भिंतीवर तुम्ही वळवून ठेवलेला तांब्याचा पाइप टांगलेला होता, रेडिएटरच्या गरम पाण्यानं तेल गरम करायचा. तुम्ही तो बसवायचं म्हणत होते आन् मग राह्यलं. तो काजलनं बसवला. दोन रविवार लागले. पोरीचे हात कोपरापर्यंत काळे. मी म्हटलं, तुह्याशी लग्न कोन करन बे? तर म्हणे, ज्याची गाडी बंद पडन तो. तुमचीच पोरगी आहे.

तेल मी गाळलं. जुन्या लुगड्याचं कापड चौपदरी करून, कॅन चार-चार दिवस हलू न देता. वरचं निवळ घ्यायचं, खालचा गाळ नाही. डिझेलवर सुरू करायची, इंजिन गरम झालं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची, बंद करायच्या आधी पाच मिनिटं परत डिझेलवर, म्हणजे पाइपात तेल राहत नाही. तुम्हाले वाटत होतं मी ऐकत नाही. मी कांदे कापत सगळं ऐकत होते. फक्त हो म्हणत नव्हते.

तेल सगळं सोयाबीनचं होतं. हे लिहून ठेवते. याचं पुढं सांगते.

रविवारी सकाळी सिंदखेडराजाले अकरा गाड्या उभ्या. कॉलेजच्या पोरांच्या गाड्या चकाचक, कोणाले निळा रंग, कोणावर इंग्रजीत काहीबाही. आपली काळी-पिवळी, एका बाजूचा दरवाजा दोरीनं बांधलेला. एका पोरानं विचारलं, "मावशी, पॅसेंजर घ्यायले आल्या का?" मी म्हटलं, "हो, तुही बंद पडली की तुले घेऊन जाईन." देवेश सर म्हणून एक आहेत, त्यांचंच सगळं होतं, ते हसले, पण गाडीच्या खाली वाकून तांब्याचा पाइप पाह्यला आन् मग हसले नाहीत. "हे कोणी केलं?" म्हणे. काजल म्हणाली, "बाबांनी."

नेम असा होता, की प्रत्येकाले डिझेलचं एक कॅन मोजून, शिक्का मारून द्यायचं, फक्त सुरू आन् बंद करायले. बाकी सगळा रस्ता तेलावर. शेवटी ज्याचं डिझेल कमी जळलं तो एक नंबर. दुसरं बक्षीस घड्याळाचं. गावागावात माणूस उभा, त्याच्याजवळ ठरलेल्या मिनिटाले पोचायचं आन् कार्डावर शिक्का घ्यायचा. उशीर झाला तर मार्क कापणार, आन् लवकर पोचलं तरी कापणार! लवकर जाणं गुन्हा असते हे मले पन्नास वर्षांत पह्यल्यांदा कळलं.

तर झेंडा पडायच्या आधीच त्या निळ्या गाडीचं तोंड बंद झालं. थंडी अशी होती की बोटं वळत नव्हती. डिझेलवर सुरू झाली, तेलावर घेतली, खाकरली आन् गप. चार पोरं बोनेटमध्ये डोकं घालून. देवेश सर मोबाईल पाहून राह्यले. एक म्हणे पंप गेला, एक म्हणे हवा धरली.

मी गेली, त्यांच्या कॅनचं झाकण उघडलं, बोट घातलं. बोट वर आलं तर त्यावर लोण्यासारखा गोळा.

"पामतेल हाय हे," मी म्हटलं. "थंडीत थिजते. पाइपात बसलं. गरम पाणी ओता पाइपावर आन् दुसरं तेल घ्या."

सर म्हणे, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"माह्यीत हाय," मी म्हटलं आन् परत आली.

काजल माह्याकडं पाहत होती. चावी लावली, झेंडा पडला, निघालो, तरी पाहतच होती. दोन किलोमीटर गेल्यावर म्हणे, "आई, मागच्या साली उंद्रीच्या लग्नात..."

मी म्हटलं, "रस्ता सांग."

ती म्हणे, "रस्ता सरळ हाय."

"मंग सरळ बस."

साखरखेर्ड्याले आम्ही सहा मिनिटं लवकर पोचलो. गावाबाहेर बाभळीखाली उभं राहून सहा मिनिटं मोजली. मेहकरमध्ये सिग्नलसारखी गर्दी, आन् आपल्या गाडीच्या धुराचा वास तर तुमाले माहीत आहे. एक म्हातारा काठी टेकत आला आन् म्हणे, "बाई, गरम हायेत का? एक प्लेट दे." काजल हसून हसून पडली. मी म्हटलं, "बाबा, प्लेट नाही, नुसता वास हाय, फुकट घ्या."

जानेफळमध्ये काय झालं ते तुम्ही पाहाले पाहिजे होतं. जे लोक तुम्हाले "ओ भजेगाडी" म्हणून हाक मारत होते, ते बसस्टँडवर दोन्ही बाजूनं उभे. आपल्या हॉटेलासमोर बायकांनी नारळ फोडला, खोबरं माह्या मांडीवर फेकलं. निवृत्ती वेल्डर, ज्यानं तुम्हाले टाकी जोडून द्याले नाही म्हटलं होतं, तो गाडीच्या बाजूनं पळत होता आन् ओरडत होता, "ही टाकी माह्या दुकानासमोर बनली!" मी हॉर्न दाबला, त्याचा आवाज त्यात बुडाला.

तोवर तीन गाड्या मागं बंद पडल्या होत्या. मी एकही नट हरवला नाही. हे सगळं वाचून तुमच्या चेहऱ्यावर काय येत असेल ते मले दिसते. आता पुढचं वाचताना काय येईल ते मले पाहायचं नाही, म्हणून पत्र लिहून राह्यली.

जानेफळनंतर उंद्री होतं.

त्या फाट्यावर मी वर्षभर गेली नाही. तिथंच वर्षामागच्या डिसेंबरात तुमची गाडी बंद पडली, नवरदेवासकट. नवरदेव हळदीच्या अंगानं, शेरवानी सावरत, एक किलोमीटर पायी मांडवात गेला. मुहूर्त टळला. नवरीचे बाप रामराव हजार माणसांसमोर म्हणाले, "मिस्त्री, भजे तळायच्या तेलावर आमचा जावई आणला का?" सगळा मांडव हसला. आन् मी काय केलं? मी तुमची बाजू घेतली नाही. मी त्यांच्याहून मोठ्यानं म्हटलं, "या माणसाले सांगून सांगून थकली मी. ना धड गाडी, ना धड माणूस." तुम्ही खाली पाहून बोनेट लावलं. इतकं तुम्हाले माहीत आहे.

परवा उंद्रीच्या थांब्यावर रामरावच उभे होते. गावानं चहा ठेवला होता, त्यांच्याच हातात कार्डावर मारायचा शिक्का. मले पाहून म्हणे, "काय पंचफुलाबाई, आज फाट्यावर नाही थांबली?" मागून कोणीतरी म्हटलं, "आज वरात नाही ना आत!" हसले लोक. वाईट नाही हसले, पण हसले.

मी गाडी चालूच ठेवली आन् खाली उतरली. काजल म्हणे, "आई, तीन मिनिटं हायेत, शिक्का घे आन् चल."

मी म्हटलं, "थांब तू." मग रामरावले म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी गाडीचं चुकलं नव्हतं. मिस्त्रीचंही नव्हतं. माहं चुकलं व्हतं."

ते म्हणे, "तुमचं काऊन?"

"मिस्त्रीनं मले हजारदा सांगतलं व्हतं, गाडीले सोयाबीनचंच तेल दे, पाम देऊ नको. माह्या हॉटेलावर बोर्ड हाय, शुद्ध सोयाबीन तेल. त्यानंच रंगवून देल्ला. आन् मी त्या दिवाळीपासून चोरून पामतेलात तळत व्हते, त्यात आलुबोंडा सायंकाळपर्यंत कडक राह्यते म्हणून. कोनाले सांगतलं नाही. घरच्या माणसालेही नाही. त्यानं तेल मागितलं, मी कढईतलं गाळून देल्लं. तेच थिजलं तुमच्या फाट्यावर."

कोणी हसलं नाही मग. चहाची केटली धरलेला माणूस तसाच उभा राह्यला. रामरावनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. म्हणे, "बाई, मी लय बोललो व्हतो त्याले."

"मी बी बोलली व्हती. तुमच्याहून जास्त."

मग ते म्हणाले, आन् हे त्यांचे शब्द आहेत, मी एक वाढवला नाही, "मले नातू झाला. पोरगी अजून माहेरीच हाय. पंचवीस तारखेले तिले लेकरासंगं जानेफळले सासरी पाठवायचं हाय. मारोतीच्या पारापासून तुमच्या गावापर्यंत भजेगाडीतच पाठवतो. पण चालवाले मिस्त्री पाहिजे. मिस्त्री नसन तर दुसरी गाडी सांगतो."

शिक्का मारला. सात मिनिटं उशीर झाला होता. घड्याळाचं बक्षीस तिथंच गेलं. जाऊ दे.

चिखलीपर्यंत काजलनं रस्ताच सांगितला. कागदावर पाहून नुसतं डावीकडं, उजवीकडं. चिखली सुटल्यावर म्हणे,

"बाबानं आठ दिवस इंजिन खोलून ठेवलं व्हतं."

"हो."

"सगळं अंगणात पसरून. सापडत नव्हतं काय चुकलं ते."

"हो."

"तुले माह्यीत व्हतं?"

"चौथ्या दिवशी कळलं. सकाळी कढई पाह्यली, तेल तुपावानी जमलेलं. तवा कळलं."

"आन् तू त्याले चहा नेऊन देत व्हती."

"हो."

तिनं कागदाची घडी घातली. मग ती म्हणे, "पुढं ट्रक हाय, हळू घे."

हे मले तुमाले सांगायचं होतं, काजलचे बाबा. तुम्ही चिंधीनं एकेक नोझल पुसून उन्हात धरत होते, आन् मी कपबशी ठेवून आत जात होते. तोंड उघडलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी हसले असते. तुम्ही रागावणारे नाहीच, ते काम माह्याकडं आहे. पण मले बोर्डाची लाज वाटली. मग मांडवात बोलली त्याची लाज. मग चार दिवस उशिरा सांगायची लाज. नवव्या दिवशी तुम्ही इंजिन परत जोडलं, पिशवी भरली आन् म्हणाले, "मले गाडीतलं काही समजत नाही, पंचफुला." तवा तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, "डबा घेऊन जा." एवढंच म्हटलं.

तुम्हाले गाडीतलं समजते. सगळं समजते. समजत नाही ते मले.

आता राह्यलेलं ऐका, कारण रडायले मी पत्र लिहून नाही राह्यली. चिखलीपासून बुलढाण्यापर्यंत चढण आहे, आन् समोरून वारा. पुढं एक पांढरी गाडी होती, कॉलेजवाल्यांचीच, ती चढावर धापा टाकू लागली. त्यांनी डिझेलवर घेतली, मले आवाजावरून कळलं. काजल म्हणे, "आई, आपण पण घेऊ का थोडं?" मी म्हटलं, "हात लावशील कॉकले तर खाली उतरवीन." दुसरा गिअर टाकला. गाडी थरथरली, दरवाज्याची दोरी वाजली, पण चढली. तेलावर चढली. पांढऱ्या गाडीच्या बाजूनं गेली तेव्हा त्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आन् काजल खिडकीतून अर्धी बाहेर.

अकरातल्या सात पोचल्या. डिझेल मोजलं. बाकीच्यांचं दोन-दोन, तीन-तीन लिटर गेलेलं. आपलं अर्धा लिटरही नाही. देवेश सरांनी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं. एक नंबर. ती निळी गाडीही पोचली, सर्वांच्या शेवटी, आन् तिच्यातला पोरगा माह्या पाया पडला. मी म्हटलं, पाया नको पडू, पामतेल सोड.

मग स्टेजवर बोलावलं. माईक हातात दिला. विचारलं, "मावशी, ही गाडी कोणी तयार केली?"

तुम्हाले माहीत आहे मी तुमचं नाव घेत नाही. लग्नात एकदा घेतलं होतं, तेही तुमच्या आत्यानं पाठीत ढोसलं म्हणून. रेशनच्या दुकानातसुद्धा काजल सांगते. पण काजल खाली गर्दीत उभी होती, हात बांधून, आन् ओठसुद्धा हलवत नव्हती. मुद्दामच.

मी म्हटलं, "गोविंदा मिस्त्री. जानेफळ." आन् लोकांले ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हटलं, "गोविंदा मिस्त्री!" भोंगा चौकापर्यंत लावला होता. काजल अशी ओरडली की माईकपेक्षा मोठ्यानं.

बक्षिसाची ढाल घरी आणली. तुमच्या पान्यांच्या पेटीवर ठेवली आहे. तिच्यावर तुमचं नाव टाकाले सांगितलं होतं, त्यांनी माहंही टाकलं, खाली बारीक.

बोर्डाचं सांगायचं राह्यलं. दसऱ्यापासून मी परत सोयाबीनमध्येच तळते, पण काल सकाळी बोर्डावरचं "शुद्ध" पुसलं. गिऱ्हाईक विचारते काऊन पुसलं, मी सांगते काऊन पुसलं. दोन जण उठून गेले. एक जण बसला आन् दुसरी प्लेट मागितली. तो शब्द परत लिहायचा का नाही हे ज्यानं रंगवला त्यानं येऊन ठरवायचं.

तर आता जबाब द्या. रामरावची पोरगी पंचवीस तारखेले निघणार आहे, त्यांले दुसरी गाडी सांगायची तर आठ दिवस आधी कळलं पाहिजे. मले रविवार, अठरा तारखेच्या आत तुमचं उत्तर पाहिजे. हो नाहीतर नाही. भागवत भाऊजीच्या तोंडून नाही, तुमच्या तोंडून. नंबर सुरू करा, नाहीतर चिठ्ठी टाका, नाहीतर सरळ एसटीत बसा. नाही म्हणायचं असेल तर तेही तुम्हीच म्हणा, मी ऐकून घेईन, यावेळी मधात बोलणार नाही.

सतरा तारखेले मी तेल गाळून ठेवते. सोयाबीनचं. येऊन बोट घालून पाहून घ्या.

गोविंदा मिस्त्रीची,
पंचफुला